निळ्या टोपीला हुकूम कुणाचा?

साकोली किंवा पवनी तालुक्यातला एखादा तरुण भरतीत निवडला जातो, मध्य प्रदेशातल्या सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात तयार होतो आणि शपथ घेतो. राज्यघटनेशी इमान राखीन, राष्ट्रपतींचे आणि माझ्यावर नेमलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याचे हुकूम जिवावर बेतले तरी पाळीन, असा त्या शपथेचा आशय असतो. पुढे कधीतरी त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर काँगोला किंवा दक्षिण सुदानला जाते. बाहीवर तिरंगा तसाच राहतो, डोक्यावर मात्र निळी टोपी येते. मोहिमेचा सेनापती ब्राझीलचा, केनियाचा किंवा सेनेगलचा असू शकतो. त्याने पुढे जायला सांगितले आणि दिल्लीने थांबायला सांगितले, तर जवानाने कुणाचे ऐकायचे? न ऐकल्यास गुन्हा कोणत्या कायद्याखाली? आणि त्याच्या हातून, किंवा त्याने हात आखडता घेतल्यामुळे, निरपराध माणसे मेली तर जाब कुणाला विचारायचा?

भारताने आजवर पन्नासहून अधिक मोहिमांत २ लाख ९० हजारांहून जास्त सैनिक पाठवल्याचे सरकारी आकडे सांगतात. त्यातले सुमारे १८० परत आले नाहीत. इतकी माणसे पाठवणाऱ्या देशात या प्रश्नाची चर्चा लष्करी संस्था आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक यांच्या बाहेर क्वचितच होते. वाद नेमका कुठवर आला आहे, ते पाहायला हवे.

तैनाती फौजेपासून घटनेपर्यंत

खर्च एकाचा आणि कमान दुसऱ्याची, हा प्रकार वैनगंगेच्या काठाला नवा नाही. मे १८१६ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि नागपूरच्या राज्यात तैनाती फौज आली. आजचा भंडारा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. फौजेचा बोजा राजाच्या खजिन्यावर, हुकूम मात्र कंपनीच्या अधिकाऱ्यांचा. दीड वर्षात, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीची फौज आणि राजाचे सैन्य एकमेकांवर गोळ्या झाडत होते. पुढची काही वर्षे भंडाऱ्याचा मुलकी कारभारही इंग्रज अधिकाऱ्यांकडेच गेला.

त्या तहाची आणि आजच्या शांतिसेनेची बरोबरी करणे चूक ठरेल. तो तह दबावाखालचा होता. आज सरकार स्वेच्छेने सैन्य देते आणि हवे तेव्हा परत बोलावू शकते. पण पैसा कुणाचा आणि हुकूम कुणाचा, हे दोन प्रश्न वेगवेगळे असतात हे त्या इतिहासात स्वच्छ दिसते. आज संयुक्त राष्ट्रे प्रत्येक सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम त्याच्या सरकारला देतात. जुलै २०१८ मध्ये हा दर १,४२८ डॉलर झाला. पगार सरकार देते, बढती सरकार देते, शिक्षाही सरकारच देते. संयुक्त राष्ट्रांकडे जाते ते फक्त मोहिमेपुरते नियंत्रण.

स्वतंत्र भारताने याबाबतचे मूळ सूत्र घटनेत घातले. अनुच्छेद ५३(२) प्रमाणे संरक्षण दलांची सर्वोच्च कमान राष्ट्रपतींकडे आहे आणि तिचा वापर कायद्याने नियमित व्हायचा आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रचारात बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली होती. भारताच्या पहिल्या मोठ्या परदेशी लष्करी मोहिमेतले सैनिक त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोरियातून मायदेशी परतले होते.

कोरिया : थोरातांची कसोटी

त्या मोहिमेचे सेनापती मराठी होते. कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धबंदी झाली. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे, यावर वाटाघाटी दीर्घकाळ अडल्या होत्या. तोडगा म्हणून स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत यांचा तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले. कैद्यांवर पहारा ठेवणारे सशस्त्र सैन्य फक्त भारताचे असेल आणि आयोगाच्या निर्णयांची अंमलबजावणीही भारताचा प्रतिनिधी करील, असे युद्धबंदी कराराच्या कलमात स्पष्ट लिहिले होते.

कायद्याच्या अंगाने ही रचना अभ्यासण्यासारखी आहे. सैन्य भारताचे, पण ते भारताच्या कोणत्याही युद्धासाठी गेलेले नव्हते. आयोग बहुमताने ठरवणार, आणि ते बजावणारे सैनिक मात्र भारतीय लष्करी कायद्याखाली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. मग इंचॉनच्या बंदरातून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी जवानांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवले. तिथल्या तळाला 'हिंद नगर' हे नाव पडले. एका बाजूचे २२,६०४ आणि दुसऱ्या बाजूचे ३५९ कैदी या सैन्याच्या ताब्यात आले.

सप्टेंबरमध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेले. थोरात मोजक्या सोबत्यांसह, शस्त्राविना, आत गेले. चिडलेल्या जमावात बसून बोलले आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. त्यांच्या धैर्याची ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याच वेळी आयोगात चाललेला वाद अधिक महत्त्वाचा आहे. मायदेशाच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकायला कैदी बराकीबाहेर यायला तयार नव्हते. त्यांना बळाने आणावे, असे पोलंड व चेकोस्लोव्हाकियाचे मत होते. स्वित्झर्लंड आणि स्वीडनचा याला ठाम विरोध होता. बळ वापरायचे तर गोळी भारतीय जवान झाडणार आणि मेलेल्या कैद्यांचे उत्तर भारताला द्यावे लागणार. बळ वापरले गेले नाही. आयोगाच्या निर्णयाला आणि सैनिकाच्या बंदुकीला जोडणारा दुवा भारतीय सेनापतीच्या हातात होता, म्हणून हे शक्य झाले. थिमय्या आणि थोरात वेगवेगळ्या देशांचे असते तर काय झाले असते, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक मोहिमेत डोके वर काढतो.

कोरियात त्याआधीही भारताची एक तुकडी होती. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालचे ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक राष्ट्रकुल ब्रिगेडसोबत युद्धात होते. लढाऊ सैन्य द्यायचे नाही, पण परक्या कमानीखाली डॉक्टर द्यायचे, अशी रेषा तेव्हा दिल्लीने आखली होती.

काँगो आणि जादोतव्हिल

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत यासाठी दुसरीच व्यवस्था योजली होती. कलम ४३ नुसार सदस्य देशांनी सुरक्षा परिषदेशी करार करून सैन्य कायम उपलब्ध ठेवायचे आणि कलम ४७ मधल्या लष्करी कर्मचारी समितीने त्याचे दिशादर्शन करायचे. शीतयुद्ध सुरू झाले आणि असा एकही करार झाला नाही. १९५६ मध्ये सुएझच्या पेचावेळी सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी मागून आणलेल्या तुकड्यांची सेना उभी केली आणि तोच नमुना रूढ झाला. सनदेत शांतिसेनेसाठी स्वतंत्र कलम नाही. तिची कमान तेव्हापासून प्रत्येक देशाबरोबरच्या करारावर उभी आहे.

या व्यवस्थेचा पहिला मोठा ताण काँगोत दिसला. १९६१ मध्ये भारताने तिथे आख्खी ब्रिगेड पाठवली. पाठोपाठ कॅनबेरा बॉम्बर विमानेही गेली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलमध्ये कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना मिळालेले परमवीर चक्र भारताच्या राष्ट्रपतींचे, लढाई मात्र संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालची.

डिसेंबर १९६२ च्या अखेरीस बंड केलेल्या कटांगा प्रांतात निर्णायक कारवाई सुरू झाली. मेजर जनरल दिवाण प्रेमचंद तिथले सेनानी होते आणि ब्रिगेडियर रेजिनाल्ड नोरोन्हा भारतीय ब्रिगेडचे. न्यूयॉर्कचा कल थांबण्याकडे होता. राजनैतिक बोलणी चालू होती. पण नोरोन्हांच्या ब्रिगेडने लुफिरा नदी ओलांडली आणि ३ जानेवारी १९६३ रोजी जादोतव्हिल हे शहर ताब्यात घेतले. सरचिटणीस ऊ थांट यांची जगासमोर पंचाईत झाली. त्यांनी आपले सहकारी राल्फ बंच यांना काँगोला पाठवले. मुख्यालय आणि रणभूमी यांच्यातला संपर्क व समन्वय कमी पडला, असा बंच यांचा निष्कर्ष होता. हुकूम मोडल्याचा ठपका कुणावर आला नाही. लष्करीदृष्ट्या नोरोन्हांचा निर्णय यशस्वी ठरला आणि कटांगाचे बंड महिन्याभरात संपले.

हीच ब्रिगेड चीनबरोबरच्या युद्धाच्या काळात परदेशात होती. ती परत बोलावण्याचा पूर्ण हक्क भारताला होता. भारताने काम संपेपर्यंत ती तिथेच ठेवली. मे १९६७ मध्ये सिनाईत उलटा प्रसंग आला. इजिप्तने सुएझच्या पेचावेळी आलेली शांतिसेना हटवायला सांगताच भारत आणि युगोस्लाव्हिया यांनी आपल्या तुकड्या यजमान देशाच्या इच्छेविरुद्ध ठेवणार नाही असे कळवले, आणि ऊ थांट यांच्या हातातले पर्याय आटले. तिथे सेनापती होते भारताचे मेजर जनरल इंदरजीत रिखी. पुढच्या महिन्यात युद्ध पेटले तेव्हा माघारीच्या वाटेवर असलेले भारतीय सैनिक त्यात मारले गेले.

आजची कायदेशीर रचना

आज ही व्यवस्था अनेक कागदांवर उभी आहे. मोहिमेचा जनादेश सुरक्षा परिषद देते. सैन्य पाठवणारे सरकार संयुक्त राष्ट्रांशी सामंजस्य करार करते. ज्या देशात मोहीम आहे त्याच्याशी तैनातीचा वेगळा करार होतो, त्याचा नमुना १९९० चा आहे. या सगळ्यातून दोन समांतर साखळ्या तयार होतात. कारवाईवरचे नियंत्रण सरचिटणीसांकडून मोहीमप्रमुखाकडे आणि तिथून फोर्स कमांडरकडे जाते. शिस्त, पगार, रजा, शिक्षा हे सारे राष्ट्रीय सरकारकडून तुकडीच्या ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे जाते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना विभागाने २००८ मध्ये कमानीविषयीचे धोरण लेखी केले. त्यानुसार तुकड्यांनी कारवाईबाबत मायदेशाचे आदेश घ्यायचे नाहीत आणि फोर्स कमांडरने एखादी तुकडी तिच्या देशाच्या संमतीशिवाय मोडायची नाही.

फौजदारी अधिकार मात्र संपूर्णपणे पाठवणाऱ्या देशाकडे राहतात. भारतीय लष्करी कायदा १९५० जवान जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर जातो. लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीविरुद्धचा खून किंवा बलात्कार यांसारखे गुन्हे एरवी मुलकी न्यायालयात चालतात. पण भारताबाहेर घडलेल्या अशा गुन्ह्यांचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालवण्याची मुभा कलम ७० देते. काँगोत तैनात भारतीय पलटणीतल्या काही जणांवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, तेव्हा चौकशी भारतीय लष्करानेच केली. फिर्यादी आफ्रिकेत, पंच भारतात. अशा खटल्यांत साक्षीपुरावा कसा जमवायचा ही अडचण सर्वच देशांना भेडसावते.

याच कायद्यात एक बारीक फट आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याचा हुकूम मोडणे हा कलम ४१ खाली गुन्हा आहे. पण वरिष्ठ अधिकारी कोण, याच्या व्याख्येत भारतीय सेनेचे, आणि हाताखाली काम करत असल्यास नौदल व हवाई दलाचे, अधिकारी येतात. परदेशी सेनापतीचा त्यात उल्लेख नाही. व्यवहारात ही अडचण तुकडीचा भारतीय प्रमुख सोडवतो. फोर्स कमांडरचा आदेश तो आपल्या तोंडून देतो आणि त्याच्या तोंडून आला की तो भारतीय हुकूम होतो. म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कमानीचा कायदेशीर जोर शेवटी एका भारतीय कर्नलच्या होकारावर टिकलेला आहे.

सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ज्या तुकड्या मोहिमांवर जातात, त्यांची स्थिती आणखी निराळी आहे. त्यांच्यावर त्यांच्या दलाचे स्वतंत्र कायदे लागू होतात आणि आंतरराष्ट्रीय करारांत त्या सैन्यात न मोडता 'मोहिमेवरील तज्ज्ञ' या वर्गात मोडतात. जुलै २०२२ मध्ये पूर्व काँगोतल्या बुटेम्बो इथे जमावाच्या हल्ल्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. जोखीम सैनिकाइतकीच, कायदेशीर चौकट मात्र वेगळी.

तीन भूमिका

पहिली भूमिका एकसंध कमानीची. रणभूमीवर दोन मालक चालत नाहीत, असा तिचा युक्तिवाद आहे आणि त्यामागे कडू अनुभव आहेत. १९९३ मध्ये सोमालियात इटलीच्या तुकडीचे जनरल ब्रुनो लोई रोमला विचारून पावले उचलतात, अशी तक्रार झाली. तेव्हा शांतिसेना विभागाचे प्रमुख असलेल्या कोफी अन्नान यांनी त्यांना परत बोलावण्याची मागणी केली. त्याच वर्षी राजधानी मोगादिशूमध्ये अमेरिकेचे रेंजर विशेष दल संयुक्त राष्ट्रांच्या कमानीबाहेर होते. ऑक्टोबरमध्ये त्याच्या छाप्याचे रूपांतर रक्तरंजित लढाईत झाले. जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबा पेटली, तेव्हा चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत यांच्या तुकड्यांचा प्रतिसाद विस्कळीत आणि निष्प्रभ ठरल्याचे चौकशीत आढळले. कमानीचा गोंधळ हे त्याचे एक मोठे कारण होते. फोर्स कमांडर असलेल्या केनियाच्या लेफ्टनंट जनरल ओंडिएकी यांना हटवण्यात आले आणि केनियाने रागाने आपले सैन्यच मागे घेतले.

दुसरी भूमिका राष्ट्रीय कमान हातची सोडू नये, ही. अमेरिकेच्या मे १९९४ च्या अध्यक्षीय निर्देशात तिची सर्वांत स्पष्ट मांडणी सापडते. कमान अध्यक्षांकडून कधीच जात नाही, ठरावीक काळासाठी कारवाईचे नियंत्रण मात्र परक्या सेनापतीला देता येते. मायकेल न्यू या अमेरिकी सैनिकाने १९९५ मध्ये मॅसेडोनियाच्या मोहिमेसाठी संयुक्त राष्ट्रांची चिन्हे लावायला नकार दिला. आपली शपथ अमेरिकेच्या घटनेशी आहे, असे त्याचे म्हणणे होते. कोर्ट मार्शलने त्याला सेवेतून काढले आणि वरच्या न्यायालयांनी ती शिक्षा कायम ठेवली. चिन्हे लावण्याचा हुकूम अमेरिकी अधिकाऱ्याचा होता, तो कायदेशीर ठरला. जर्मनीने वेगळी वाट धरली. १२ जुलै १९९४ च्या निकालात तिथल्या घटना न्यायालयाने सशस्त्र सैन्य परदेशी पाठवण्याआधी संसदेची संमती सक्तीची केली.

या दोन भूमिकांची सर्वांत धारदार टक्कर ऑगस्ट २०१४ मध्ये गोलान टेकड्यांवर झाली. सीरियातल्या बंडखोरांनी फिलिपिन्सच्या चाळीस सैनिकांना वेढले, फिजीच्या ४५ जणांना ओलीस धरले. फोर्स कमांडर होते भारताचे लेफ्टनंट जनरल इक्बाल सिंग सिंघा. त्यांनी फिलिपिन्सच्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवायला सांगितले, असा आरोप फिलिपिन्सच्या लष्करप्रमुखांनी केला. असा हुकूम दिलाच नव्हता, फिजीच्या ओलिसांच्या जिवासाठी गोळीबार टाळायला सांगितले होते, असे संयुक्त राष्ट्रांचे उत्तर होते. मनिलाच्या सांगण्यावरून ते चाळीस जण ३० ऑगस्टच्या रात्री वेढ्यातून निसटले. फिजीचे सैनिक ११ सप्टेंबरला सुखरूप सुटले. कोण बरोबर होते यावर दोन्ही देशांच्या लष्करी वर्तुळांत आजही एकमत नाही. प्रत्येक बाजूजवळ वजनदार कारण होते, असे घटनाक्रम नीट वाचल्यावर म्हणावेच लागते. फोर्स कमांडरला दोन्ही गटांचे जीव तोलायचे होते. मनिलाला फक्त आपले सैनिक दिसत होते, आणि सरकार म्हणून ते तिचे कर्तव्यच होते.

तिसरी भूमिका सैन्य पुरवणाऱ्या देशांची आणि तिच्या अग्रभागी भारत आहे. हुकूम मान्य करू, पण हुकुमामागचा जनादेश ठरतानाही आम्हाला खोलीत घ्या, असे तिचे थोडक्यात सांगणे. सनदेचे कलम ४४ याच तत्त्वावर बेतलेले आहे : परिषदेबाहेरच्या देशाचे सैन्य वापरायचे तर त्याला निर्णयात सहभागी करावे. मार्च २०१३ मध्ये ठराव २०९८ ने काँगोत आक्रमक कारवाईसाठी हस्तक्षेप ब्रिगेड उभारली, तेव्हा पारंपरिक शांतिसैनिकही लढाईचे पक्ष समजले जातील, अशी चिंता भारताने व्यक्त केली. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सैन्य देणाऱ्या देशांना निर्णयप्रक्रियेत स्थान नाही, हे अडचणींचे मोठे कारण आहे, असे सांगितले.

भारताचा स्वतःचा व्यवहार पाहिला तर त्यात एक सूत्र आहे. कमान हवी तर संयुक्त राष्ट्रांची, नाहीतर आपली. १९८७ ते १९९० श्रीलंकेत गेलेली शांतिसेना द्विपक्षीय करारावर गेली आणि संपूर्ण भारतीय कमानीखाली लढली. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामास्वामी परमेश्वरन तिथेच २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी झाले. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी सैन्य मागितले. जनादेश आणि कमान यांविषयी विचारणा झाली आणि १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट जनादेशाविना सैन्य पाठवायला नकार दिला. एडनच्या आखातात २००८ पासून चाचेगिरीविरुद्ध गस्त घालणाऱ्या भारतीय युद्धनौकाही इतर नौदलांशी समन्वय ठेवून, राष्ट्रीय कमानीखालीच राहिल्या.

सिएरा लिओन हे या सूत्राचे सर्वांत अवघड प्रकरण. मेजर जनरल विजयकुमार जेटली फोर्स कमांडर होते. मे २००० मध्ये बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक पकडले आणि कैलाहुन इथे भारतीय सैनिकांना घेरले. जुलैत 'ऑपरेशन खुकरी'ने त्यांची सुटका झाली. त्यानंतर जेटली यांचे एक गोपनीय टिपण फुटले. नायजेरियाचे वरिष्ठ अधिकारी मोहीम पोखरत आहेत, असा आरोप त्यात होता. नायजेरियाने जेटली यांना हटवण्याचा आग्रह धरला. भारताने सप्टेंबरमध्ये आपली संपूर्ण तुकडी मागे घेण्याचे जाहीर केले. फोर्स कमांडरकडे नायजेरियन अधिकाऱ्यांना शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. होता तो फक्त तक्रार करण्याचा.

न्यायालये काय म्हणतात

सैनिकाच्या कृत्याची जबाबदारी कुणावर, याची उत्तरे युरोपातल्या न्यायालयांनी दिली आहेत, आणि ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत.

कोसोव्होतल्या मित्रोवित्सात न फुटलेल्या बाँबने एक मुलगा मेला आणि त्याच्या भावाची दृष्टी गेली. बाँब निकामी करण्याची जबाबदारी त्या भागातल्या फ्रेंच तुकडीने पार पाडली नाही, अशी तक्रार होती. मे २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 'अंतिम अधिकार' सुरक्षा परिषदेकडे होता असे म्हणून फ्रान्सविरुद्धचा दावा दाखलच करून घेतला नाही. चार वर्षांनी, जुलै २०११ मध्ये, बसरात ब्रिटिश सैन्याने डांबलेल्या अल-जेद्दा यांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने ब्रिटनला जबाबदार धरले, कारण तिथे संयुक्त राष्ट्रांचे प्रत्यक्ष नियंत्रण नव्हते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाने 'प्रभावी नियंत्रण' हा निकष मसुद्यात घातला : त्या विशिष्ट कृत्यावर ज्याचे प्रत्यक्ष नियंत्रण, त्याची जबाबदारी.

सर्वांत खोलवर गेले ते नेदरलँड्सचे न्यायालय. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातले स्रेब्रेनिका शहर पडले. डच तुकडीच्या तळावर हसन नुहानोविच दुभाषी होते आणि रिझो मुस्ताफिच वीजतंत्री. हसनना तळावर राहू दिले, त्यांच्या वडिलांना आणि भावाला बाहेर घालवले. मुस्ताफिच यांनाही बाहेर जावे लागले. तिघेही मारले गेले. ६ सप्टेंबर २०१३ रोजी डच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शहर पडल्यानंतर तळावरच्या लोकांबाबतच्या निर्णयांवर डच सरकारचे प्रभावी नियंत्रण होते, म्हणून ते जबाबदार आहे. संयुक्त राष्ट्रांचीही जबाबदारी असू शकते, त्याने सरकार सुटत नाही. तळावरून बाहेर घालवलेल्या सुमारे ३५० पुरुषांबाबत २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने नेदरलँड्सचे दायित्व १० टक्के धरले. टक्केवारीवर टीका झाली, पण तत्त्व उभे राहिले.

संयुक्त राष्ट्रांवर थेट दावा करण्याचा मार्ग मात्र बंद आहे. २०१० मध्ये हैतीत नेपाळी तुकडीच्या तळातून पसरलेल्या कॉलऱ्याने हजारो बळी घेतले. पीडितांनी न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. ऑगस्ट २०१६ मध्ये अपिलातही संयुक्त राष्ट्रांना असलेले खटल्यापासूनचे कायदेशीर संरक्षण कायम राहिले.

काय शिल्लक आहे

पहिला अनिर्णित मुद्दा अघोषित अटींचा. आपले सैनिक अमुक भागात जाणार नाहीत, रात्री गस्त घालणार नाहीत, अशा अटी काही देश आधीच लेखी देतात. अडचण होते ती ऐनवेळी फोनवर येणाऱ्या सूचनांनी. त्या कोणत्याही करारात नसतात. फोर्स कमांडरला त्या आदेश दिल्यावरच कळतात. त्यांच्यावर उपाय एकच उरतो, तो म्हणजे त्या देशाची तुकडी परत पाठवणे, आणि सैन्याची चणचण असलेली संघटना ते क्वचितच करते.

दुसरा मुद्दा डच निकालातून निघतो. मायदेशाने हस्तक्षेप केला की त्याचे नियंत्रण सिद्ध होते आणि जबाबदारीही येते. मग आपले सैनिक संकटात असताना सरकारने गप्प बसावे काय? काही अभ्यासकांना भीती वाटते की असे निकाल देशांना सैन्य देण्यापासून परावृत्त करतील. इतरांच्या मते जबाबदारीची जाणीवच आदेश अधिक विचारपूर्वक द्यायला लावील. दोन्ही म्हणण्यांना पुरेसा पुरावा अजून नाही. भारतीय न्यायालयांपुढे असे प्रकरण स्रेब्रेनिकाच्या तोडीने कधी तपासले गेलेले नाही.

तिसरा मुद्दा घरचा आहे. घटनेने कमान राष्ट्रपतींकडे दिली, तिचा वापर कायद्याने नियमित करायला सांगितले. सैन्य परदेशी मोहिमेवर कोणत्या अटींवर जाईल, परक्या सेनापतीचा हुकूम कुठवर बंधनकारक असेल, संसदेला कधी माहिती द्यावी लागेल, याविषयी भारतात स्वतंत्र कायदा नाही. निर्णय सरकार घेते आणि कराराच्या अटी बहुधा फायलीतच राहतात. लवचिकता टिकते, असे याचे समर्थन केले जाते आणि ते निराधार नाही. जादोतव्हिलकडे जाताना लुफिराच्या काठावर संसदेची वाट पाहत बसणे शक्य नव्हते. पण मोहिमेवर निघण्यापूर्वीच्या निर्णयाला ही घाई नसते. लष्करी कायद्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या व्याख्येत एक वाक्य घालून परक्या फोर्स कमांडरचे स्थान स्पष्ट करता येईल, आणि तुकडीविषयी झालेल्या कराराच्या मुख्य अटी संसदेच्या पटलावर ठेवता येतील. दोन्हींसाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. विदर्भातून सैन्यात जाणाऱ्यांची संख्या पाहता इथल्या खासदारांनी हा विषय संरक्षणविषयक स्थायी समितीत आणायला हवा.